डोळे सासूबाईंचे, हात माझे

माझी मुलगी दुसरीत असताना तिला शाळेच्या स्नेहसंमेलनात बगळ्याचं काम मिळालं. नाटुकलं तळ्यातल्या प्राण्यांचं होतं. सहा मासे, चार बेडूक, एक कासव आणि एक बगळा. बगळ्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, पण संपूर्ण प्रवेशभर त्याला एका पायावर उभं राहायचं होतं. वर्गात जिचा तोल सगळ्यात चांगला तिला हे काम दिलं आहे, असं बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं. त्याखाली एक ओळ होती, पोशाख पालकांनी आणावा.

पालक म्हणजे मी. पेठेतल्या एका दुकानात भाड्याने पोशाख मिळतात, तिथे गेलो. दुकानदारांनी मान वर न करता काय हवं ते विचारलं. मी बगळा म्हणालो. त्यांनी माळ्यावरून एक गाठोडं खाली सोडलं. त्यात पांढरा झगा होता, आखूड पंख होते आणि नारिंगी रंगाची, भाताच्या चमच्यासारखी चपटी चोच होती. हे बदक वाटतंय, असं मी भीत भीत म्हणालो.

"पांढरं आहे, पंख आहेत, चोच आहे," ते म्हणाले. "आणखी काय, उडायला हवंय का?"

मी गाठोडं उचलून घरी आलो. मुलीने झगा पाहिला, चोच हातात घेऊन उलटसुलट केली आणि शांतपणे टेबलावर ठेवली. "बाबा, हे बदक आहे," एवढंच म्हणून ती खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. रडली असती तर समजूत काढता आली असती. पण तिचं म्हणणं बरोबर होतं आणि ते तिला ठाऊक होतं. मी त्या लोटलेल्या दाराला सांगून टाकलं की बगळा मी शिवेन.

मी शिवण्यातला माणूस नाही. हडपसरच्या एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग मोजून ते पास किंवा नापास करणं हे माझं काम. शर्टाचं बटण तुटलं की मी दुसरा शर्ट घालतो. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे गुडघे हलवते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला नेमका कुठून त्रास सुरू झाला आहे हे शोधत असल्यासारखा चेहरा केला. "तू शिवणार? कशावर?" तिने विचारलं.

शिलाई मशीन घरात होतं. लग्नात तिच्या आईने दिलेलं, पायाने चालवायचं, काळंभोर. त्यावर इंटरनेटचा राउटर, तीन चार्जर आणि मनीप्लांटची कुंडी होती. ज्या बाईने चाळीस वर्षं घरी बसून हडपसर गावठाणातल्या बायकांचे ब्लाउज शिवले, तिच्या एकुलत्या एक मुलीने आयुष्यात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. आईला सतत मान वाकवलेली पाहूनच आपण मानेच्या दुखण्यांकडे वळलो, असं ती सांगते.

त्या दिवशी सासूबाई आमच्याच घरी, कर्वेनगरला होत्या. चार दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि महिन्याभराने डाव्याचं व्हायचं होतं. सासरे गेल्यापासून त्या एकट्या राहतात, त्यामुळे दोन्ही डोळे होईपर्यंत आमच्याकडेच राहायचं ठरलं होतं. काळा चष्मा लावून त्या सोफ्यावर बसल्या होत्या. बदकापासून सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"आधी त्या मशीनवरचं झाड उचला, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "लग्नात दिलं ते कुंडी ठिवायला दिलं नव्हतं."

आमच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी असते. बायको दवाखान्यात, मुलगी शाळेत, आणि दिवसभर घरात आम्ही दोघंच, सासू आणि जावई. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं जेवण झालं का, गाडी सावकाश चालवा, याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. त्या गुरुवारी ते थेट बॉबिनपर्यंत गेलं.

डॉक्टरांनी त्यांना वाकायला, सुईत दोरा ओवायला आणि डोक्यावरून पाणी घ्यायला मनाई केली होती. म्हणून त्या मशीनपासून हातभर लांब खुर्ची टाकून बसायच्या आणि ऐकायच्या. मला वाटलं होतं की त्या बघून सांगतील, पण त्या आवाजावरून सांगायच्या. मी पाय मारायला लागलो की दोन फुटांत त्यांचा हात वर व्हायचा. वरचा दोरा सैल आहे. सुई बोथट आहे. कापड ओढू नका, ते आपलं आपण जातं. खरोखरच कापड सोडलं की ते आपलं आपण जायचं, आणि मी ओढलं की मशीन खोकल्यासारखं करून थांबायचं.

मापांवरून मात्र आमची जुंपली. मी मिलिमीटरमध्ये मोजतो. मुलीच्या खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप मी कारखान्यातल्या सवयीने तीनदा घेतलं, सरासरी काढली आणि तेवढंच कापड बरोब्बर कापलं. सासूबाईंनी विचारलं, माया किती सोडली? शिवणीसाठी कडेला जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी काहीच सोडली नव्हती. तो पहिला तुकडा फुकट गेला. मग त्यांनी मला बोटं लावून शिकवलं. कडेला एक बोट, काखेत दोन बोटं, पोरगी वाढत्या वयाची म्हणून खाली चार बोटं. कोणाची बोटं, असं मी विचारलं. शिवणाऱ्याची, त्या म्हणाल्या. एकाच ठिकाणी आमचं जमलं, ते म्हणजे सूत. इंचाचा आठवा भाग. आमच्या कारखान्यातली जुनी माणसं अजून सूत म्हणतात आणि त्याही म्हणायच्या. "एक सूत आत घ्या" म्हटलं की आम्हा दोघांना एकच गोष्ट दिसायची.

दुसऱ्या आठवड्यात मी लक्ष्मी रोडवरून पाच मीटर पांढरं पॉपलीन आणलं. सासूबाईंनी घडी उलगडली, खिडकीपाशी नेली, चष्मा काढला आणि म्हणाल्या की हे पांढरं नाही. मी म्हटलं की पांढरंच आहे, दुकानदाराने पांढरं म्हणूनच दिलं. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, मग उजवा झाकला, मग परत डावा.

"तुमी बगळा कधी नीट बगितलाय का?" त्यांनी विचारलं.

मी बगळे रोज बघतो, पुलावरून, साठच्या वेगाने. ते सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला कामावर जाण्याआधी नदीवर नेलं. आमच्या घरापासून नदीकाठ दहा मिनिटांवर आहे. डोक्यावर पदर, डोळ्यांना काळा चष्मा आणि पायात माझ्या बायकोचे बूट अशा थाटात त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. पाणी जसं असतं तसं होतं, पण उथळ जागी दगडांवर सात-आठ बगळे होते. ऊन अजून वर आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा तोच डोळे झाकायचा खेळ सुरू केला. सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे काळजीने बघत पुढे गेले.

"डाव्यानं बगितलं तर जुन्या वहीचा कागद," त्या म्हणाल्या. "उजव्यानं बगितलं तर... एवढं पांढरं असतंय व्हय."

कापडाचा वाद तिथेच मिटला. त्या हसत होत्या. मी त्यांना अशा, एकट्याच, कारणाशिवाय हसताना कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ आम्ही तिथे थांबलो. तेवढ्या वेळात त्यांनी माझं आणखी एक काम सोपं करून टाकलं. बगळ्याची लांब मान उभी कशी ठेवायची यावर मी आठवडाभर डोकं खाजवत होतो. तारेचा सांगाडा, त्यावर फोम, त्याचं एक चित्रही काढलं होतं. सासूबाईंनी दगडावर एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याकडे बोट केलं. नुसता उभा असला की तो मान आत ओढून घेतो, छातीवर दुमडून ठेवतो. आपली पोरगी उभीच राहणार आहे ना, मग मान वर कशाला? मी सांगाड्याचं चित्र खिशात दुमडून ठेवलं. कारखान्यात उशिरा पोचलो आणि कारण म्हणून नदीवर बगळे बघत होतो असं खरं खरं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. त्याच रविवारी सकाळी, मी कामावर निघायच्या आधी, अस्तरासाठी जुना पांढरा परकर मिळतो का ते बघायला सासूबाईंनी लेकीला तिचं कपाट उघडायला सांगितलं. परकर मिळाला. त्याच्या शेजारी एक आमसुली रंगाचा ब्लाउज टांगलेला होता, आदल्या दिवाळीला त्यांनीच लेकीला शिवलेला. त्यांनी तो सहज हातात घेतला, उलटा केला आणि खिडकीशी नेला. आतली शिवण आणि गळ्याची तुरपाई, सगळी कॉफीच्या रंगाच्या दोऱ्याने केलेली होती. एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्याने बघितलं. त्या डाव्या डोळ्याला दोन्ही रंग एकच दिसत असणार, कारण तो डोळा झाकल्यावरच त्यांचा चेहरा बदलला.

"ह्यो दोरा तुला दिसला नव्हता?" त्यांनी लेकीला विचारलं.

"दिसला होता गं," बायको म्हणाली. "आतल्या बाजूला कोण बघतंय."

"तू बगितलंस न्हवं."

 सासूबाईंनी ब्लाउज घडी करून जागेवर ठेवला आणि बाहेर येऊन बसल्या. लेकीच्या ब्लाउजचं त्यांना फार वाटलं नाही, हे मला नंतर कळलं. त्या हिशोब लावत होत्या तो गल्लीतल्या बायकांचा. डोळ्यावर पडदा यायला लागून दोन वर्षं तरी झाली होती. त्या दोन वर्षांत शिवलेले ब्लाउज लोकांनी लग्नांत, मुंजींत, हळदीकुंकवाला घातले होते, आणि त्यांच्याकडे येऊन कोणी एक अक्षर बोललं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी मशीनवर बसलो तर त्या खुर्ची घेऊन आल्या नाहीत. मी बोलवायला गेलो. त्या म्हणाल्या, आता तुमचं तुम्ही शिवा, माझं कशाला ऐकता, मला दोरा दिसत नव्हता. मी म्हटलं, पण आता दिसतो.  मी एकटाच पंख शिवत बसलो. कापडाच्या लांबट पट्ट्या कापून, टोकं गोल करून, ओळीने एकाखाली एक लावायच्या होत्या. खांद्यापासून सुरुवात करून मी सहा ओळी लावल्या आणि त्या मला चक्क सरळ वाटल्या. संध्याकाळी मुलगी आली, तिला पंख घातले आणि हात वर करायला सांगितलं. तिने हात वर केले आणि सगळी पिसं मुळापासून उचकटून उलटी उभी राहिली, वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखी. मधून नुसते टाके दिसत होते.

"आज्जी," मुलगी तशीच हात वर ठेवून बाहेर गेली, "मी अशी दिसते."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. दोन मिनिटं त्यांनी स्वतःला आवरलं असावं. मग त्या उठून आत आल्या. "कौलं वरनं लावत्यात व्हय?" त्यांनी मला विचारलं. मी विचार केला. कौलं खालून लावत वर जातात, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर बसते. मी उलटं केलं होतं. खुर्ची ओढून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "उसवा."

सहा ओळी आम्ही दोघांनी मिळून उसवल्या. उसवायला डोळे लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. बोटाने टाका चाचपायचा आणि ब्लेडचं पातं सरकवायचं. उसवताना त्या पहिल्यांदा मनातलं बोलल्या. त्या दोन वर्षांत ज्यांचे ब्लाउज शिवले अशा अकरा जणी त्यांनी आठवून आठवून मोजल्या होत्या. प्रत्येकीच्या दारात जाऊन माफी मागावी असं त्यांना वाटत होतं, पण तसं केलं तर त्या बिचाऱ्यांनाच लाज वाटेल, आपण बोललो नाही म्हणून. मग करायचं काय? मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काहीतरी शिवून द्या. त्यांनी पातं थांबवलं.

त्यांची एक सवय होती. शिवलेल्या प्रत्येक ब्लाउजचं उरलेलं कापड त्या गाठ मारून ठेवायच्या. शुक्रवारी काम सुटल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन पलंगाखालून ते बोचकं काढून आणलं. आमच्या हॉलमध्ये ते सोडल्यावर मुलीने आनंदाने त्यात उडी मारली. चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी, श्रीखंडी, वांगी. प्रत्येक तुकडा कोणाचा ते सासूबाईंना पाठ होतं. ज्या बाईचं जे कापड, त्याचाच तिला बटवा शिवायचा, अस्तर लावून, नाडी ओवून, आणि या वेळी दोरा अगदी त्याच रंगाचा. कशासाठी हे सांगायचं नाही. जिला कळायचं तिला कळेल.

पण आधी बगळा होता. तो नीट झाला. पिसं खालून वर लागली, मानेची कापूस भरलेली नळी छातीवर दुमडून बसली, चोच बकरमच्या कडक कापडाची, पिवळी आणि टोकदार. संमेलनाच्या दिवशी आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. सासूबाई काळा चष्मा लावून. प्रवेशाच्या मध्येच कासव वाक्य विसरलं. बाई विंगेतून सांगत होत्या आणि कासवाला ऐकू येत नव्हतं. एक मासा हसून खाली बसला, त्यामुळे बाकीचे मासेही बसले. बगळा एका पायावर उभा होता. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण शेजारी बसलेल्या बायकोने माझा हात दाबून धरला होता. ती मुलीच्या घोट्याकडे बघत होती. शेवटी कासवाला आठवलं, आणि मग बगळा म्हणाला, "मला भूक नाही, मी नुसताच उभा आहे." सगळं सभागृह हसलं आणि तिने पाय खाली टेकवला.

बाहेर आल्यावर एका मुलाच्या आईने आमच्या मुलीला विचारलं, हा ड्रेस कुठून आणला. ती म्हणाली, "बाबांनी शिवला. आज्जीने उसवला."

त्यानंतरच्या आठवड्यात डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि सासूबाईंची मनाई आणखी महिनाभर वाढली. बटवे मीच शिवले, तीन गुरुवार लागले. पहिल्या बटव्याचं तोंड इतकं लहान झालं की त्यात रुमालसुद्धा जाईना. तो मुलीने शंख ठेवायला घेतला. पाचव्यापासून माझा हात बसला. सासूबाई दोरा निवडायच्या, दोन्ही डोळे उघडे ठेवून, खिडकीपाशी उभं राहून, आणि हे काम त्यांनी मला एकदाही करू दिलं नाही.

वाटायलाही मीच गेलो, कामावरून सुटल्यावर, हडपसरला. त्यांना अजून धुळीत जायचं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना तिथे उभं राहायचंही नव्हतं. पहिलं घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. त्यांनी बटवा हातात घेतला, चिंतामणी रंग ओळखला, मग नाडी सैल करून आतली शिवण बोटाने पुढे ओढून पाहिली. शिक्षिकाच त्या. "दोरा जुळलाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आईंना सांगा, डोळे छान झालेत." गिरणीच्या मागे राहणाऱ्या एक बाई मात्र मोकळ्या होत्या. हिरव्या ब्लाउजला निळा दोरा होता, त्या म्हणाल्या, आम्हाला वाटलं आता तशीच फॅशन आली असेल, मी तर जावेला दाखवला. काही जणींना खरंच काही कळलं नव्हतं आणि त्या नुसत्याच खूश झाल्या. मला चहा इतक्या वेळा झाला की घरी जेवण जाईना.

शेवटचा बटवा आपांचा होता. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पिको-फॉलचं आणि दोऱ्या-बटणांचं दुकान आहे. तीन पिढ्या त्यांचं घर हडपसरलाच. वयाने सासूबाईंच्याच बरोबरीच्या, पण लहानथोर सगळे त्यांना आपा म्हणतात. त्यांचा ब्लाउज डाळिंबी होता. बटवा बघून त्या आधी हसल्या, आणि मग दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून म्हणाल्या की ताईंना, म्हणजे सासूबाईंना, कळलं म्हणायचं.

मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

दोन वर्षं, असं त्यांनी सांगितलं. ताई यायच्या, कापड रिळाला लावून बघायच्या आणि भलतंच रीळ उचलायच्या. कसं सांगायचं? चाळीस वर्षं जी बाई रंग न्याहाळून घेते तिला म्हणायचं का, तुम्हाला दिसत नाही? म्हणून पुडी बांधताना त्या गुपचूप रीळ बदलून ठेवायच्या. योग्य रंगाचं.

"मग हे चुकलेले कसे?" मी विचारलं.

"दुपारी मी वर जेवायला जाते. तेव्हा आमचे हे बसतात गल्ल्यावर," आपा म्हणाल्या. "त्यांना लाल आणि हिरवा, दोनच रंग येतात." मग रिळं सारखी करत त्या म्हणाल्या, "ताईंना सांगू नका, पाव्हणे."

मी नाही सांगणार म्हणालो. घरी येईपर्यंत, म्हणजे हडपसर ते कर्वेनगर सगळे सिग्नल, मी तो शब्द पाळण्याचा विचार करत होतो. रात्री बायकोला सांगितलं. तिने फार वेळ घेतला नाही. ती म्हणाली, सांग. आईला वाटतंय की सगळ्या गल्लीने बघून न बघितल्यासारखं केलं. एकीने बघितलं आणि काहीतरी केलं, हे तिला कळायला हवं. मी म्हटलं की मी आपांना शब्द दिलाय. ती म्हणाली, तो मी घेते माझ्या डोक्यावर.

सकाळी चहाच्या वेळी मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. दोन वर्षांतले कोणते ब्लाउज दुपारच्या दोऱ्याचे आणि कोणते सकाळच्या, हे त्या मनात वेगळे करत असाव्यात.

"मी म्हणायची, येवढ्याशा पुडीला आपा येवढा येळ का लावती," त्या म्हणाल्या. नंतर कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तो बटवा परत आणता येईल का?"

"का?"

"त्याला तुमची शिलाई हाय."

मी मनावर घेतलं नाही, म्हणजे फार घेतलं नाही. दिलेली भेट परत मागता येत नाही एवढं मी त्यांना पटवलं. त्यावर त्यांनी ठरवलं की आपांना आणखी एक वस्तू द्यायची आणि ती स्वतः शिवायची. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी दुपारी त्या मशीनवर बसल्या. मी खुर्ची टाकून बाजूला बसलो, कानाने काही कळतं का ते बघत. मला फक्त एवढं कळलं की मशीन खोकत नव्हतं. आपा दिवसभर प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात, म्हणून स्टुलावर ठेवायची गोल गादी त्या शिवत होत्या. वांगी रंगाच्या खणाची, कडेला बारीक गोट, आत चांगला दाबून भरलेला कापूस. सुईत दोरा त्यांनी पहिल्याच झटक्यात ओवला. एकदा काढून परत ओवला. मुलीला बोलावून तिसऱ्यांदा ओवून दाखवला.

त्यांना हडपसरला परत पोचवायला मी गेलो. घरी सामान टाकून आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुपार होती आणि आपा वर जेवायला गेल्या होत्या. गल्ल्यावर त्यांचे यजमान होते. सासूबाईंनी गादी स्टुलावर ठेवली. यजमानांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि तिच्यावर बसले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पाच मिनिटांनी आपा खाली आल्या, त्यांनी नवऱ्याला बघितलं, गादी बघितली, सासूबाईंना चष्म्याशिवाय बघितलं, आणि पहिलं काम म्हणजे नवऱ्याला उठवलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणांच्या पेट्या वाचू लागलो.

"सांगितलं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "बरं केलं."

आपा गादीवर बसल्या. दोघी थोडा वेळ हवापाण्याचं, दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचं, कोणत्या दवाखान्यात, दुखलं का, असलं बोलल्या. आपांच्या डोळ्यांतही आता धूसर दिसायला लागलं होतं, तर सासूबाईंनी त्यांना थेंब कसे घालायचे तेही सांगून टाकलं. निघताना सासूबाईंनी पिशवीतून एक कापड काढलं. नवं गिऱ्हाईक, सकाळीच घरी देऊन गेलेलं. कठीण रंग होता, धड राखाडी नाही, धड निळा नाही. त्यांनी रिळांच्या फळीवरून बोट फिरवलं, एक उचललं आणि काउंटरवर ठेवलं. आपांनी ते कापडाला लावून पाहिलं. मग तेच रीळ पुडीत घालून, चटकन दोरा गुंडाळून, त्यांच्या हातात दिलं.

आता सासूबाईंकडे काम परत सुरू झालं आहे, पूर्वीपेक्षा थोडं कमी. मान अवघडते म्हणून हुक-काज त्यांनी माझ्याकडे दिलं आहे. गुरुवारी मी डबा घेऊन हडपसरला जातो आणि दारापाशी उजेडात बसून हुक लावतो. वाढदिवसांना, बारशांना, शेजाऱ्यांच्या नव्या घराला मी आता काहीतरी हाताने शिवून देतो, आणि लोक ते घेताना आधी माझ्या बायकोचं कौतुक करतात. ती ते निमूट स्वीकारते. परवा एक नवीन बाई ब्लाउज टाकायला आल्या. मला सुई-दोरा घेऊन बसलेलं बघून त्या दारातच थबकल्या आणि त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, हे कोण?

"जावई हाय," सासूबाई कापडावर खडूने रेघ ओढत म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी नुसता बसला तर बिघडतो."